ओड्नीचा अंगठा

फार वर्षांपूर्वी, इतक्या वर्षांपूर्वी की मोजायला बसलेला माणूस मधेच कंटाळून उठेल, उत्तरेला नॉर्वे देशाच्या काठावर स्काल्विक नावाचं एक गाव होतं. मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत तीस-पस्तीस घरं. जमीन अशी की बार्ली पेरावी आणि दगड काढावेत. म्हणून गाव जगायचं ते हेरिंग माशांवर. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीची थंड पाण्यातली बहीण. वसंत आला की तिच्या झुंडी काठाशी यायच्या. ते तीन-चार आठवडे साधले तर वर्षभर पोटाला मिळायचं. नाही साधले तर हिवाळ्यात म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं आधी जायची.

होड्या कधी घालायच्या हे रून सांगायचे, लग्नं आणि गुरांचे सौदेही त्यांनाच विचारून व्हायचे. रून म्हणजे त्या लोकांची जुनी अक्षरं. एकूण चोवीस. त्यांत आडवी रेघ नाही, सगळ्या उभ्या नाहीतर तिरक्या, कारण ती अक्षरं लाकडावर सुरीने कोरायची असत आणि आडवी रेघ लाकडाच्या शिरांमध्ये हरवून जाते. प्रत्येक अक्षराला आवाज होता, तसा अर्थही होता. फेहू म्हणजे गुरंढोरं, भरभराट. राइदो म्हणजे प्रवास. सोविलो म्हणजे सूर्य. हगलाझ म्हणजे गारा. आणि इसा म्हणजे बर्फ, जागच्या जागी थांबा. ही इसा नुसती एक उभी रेघ.

असं म्हणतात की ही अक्षरं त्यांच्या थोरल्या देवालाही सहजासहजी मिळाली नव्हती. ओडिन त्याचं नाव. त्याने आपल्याच भाल्याने स्वतःला भोसकून घेतलं आणि नऊ दिवस, नऊ रात्री झाडाला लटकून राहिला. अन्न नाही, पाणी नाही. तेव्हा कुठे ती त्याला दिसली. देवाला इतके हाल काढावे लागले, आणि स्काल्विकच्या लोकांना मात्र वाटायचं की कापडावर हात फिरवला की उत्तर मिळायलाच हवं.

आपल्याकडे देवाला कौल लावतात ना, तसाच हा त्यांचा कौल. फळ धरणाऱ्या झाडाची फांदी तोडायची, तिच्या बोटभर लांबीच्या पट्ट्या करायच्या, प्रत्येकीवर एकेक रून कोरायचा आणि खाचांत लाल रंग भरायचा. मग पांढऱ्या कापडावर पट्ट्या उधळायच्या आणि आभाळाकडे तोंड करून, खाली न बघता, तीन उचलायच्या. तिन्हींत इसा निघाली म्हणजे 'नाही', आणि एकदा 'नाही' आलं की त्या दिवशी पुन्हा विचारायचं नाही. हे काम गावात एकाच घराकडे असे, आईकडून लेकीकडे जाई. त्या बदल्यात गाव त्या घराला मासे आणि सरपण पुरवी.

त्या काळी हे काम ओड्नीकडे होतं. आई गेली तेव्हा ती वीस वर्षांची होती. पहिल्याच वसंतात तिने कौल लावला, अगदी नियमाप्रमाणे, मान वर करून, मन स्वच्छ ठेवून. फेहू आला, सोविलो आला. लोक खूश झाले. होड्या गेल्या आणि त्यांतली एक परत आली नाही. त्या होडीत ओड्नीचा बाप होता. मागे राहिला तिचा चार वर्षांचा भाऊ, आस्बर्न. त्याला पाठुंगळी घेऊन ती कितीतरी दिवस किनाऱ्यावर उभी राहायची. रडून झालं, आणि मग ती बघायला लागली.

तिने काय काय बघितलं म्हणून सांगू! सील खडक सोडून कधी जातात, समुद्रपक्षी जमिनीकडे कधी वळतात, सूर्याभोवती खळं कधी पडतं, चुलीचा धूर छपराला कधी चिकटून बसतो. वारा नसताना लांब, संथ लाटा येऊ लागल्या तर त्यांच्यामागे काय येतं. दोन-तीन वर्षांत समुद्र तिला पाठ झाला.

आणि तिने आणखी एक गोष्ट केली. नव्या पट्ट्या कोरताना खाचा जरा खोल ठेवल्या. कापडावर हात फिरवताना तिच्या अंगठ्याला त्या खाचा कळायच्या. दिवस चांगला असेल तर अंगठा फेहू शोधायचा. वाईट असेल तर इसा. कौल लावताना ती मान वर करायची तेव्हा लोकांना वाटायचं, ओड्नी देवांकडे बघते आहे. ओड्नी ढगांकडे बघत असायची.

अशी वीस वर्षं गेली. असं म्हणतात की त्या वीस वर्षांत स्काल्विकची एक होडी बुडाली नाही, एक बाई विधवा झाली नाही. आजूबाजूच्या गावांत दरसाल कोणी ना कोणी जायचं. स्काल्विकचे लोक छाती फुगवून म्हणायचे, आमचे रून खरे.  आस्बर्न मोठा झाला, रुंद खांद्यांचा, मोकळ्या हसण्याचा. त्याने तोरा नावाच्या मुलीशी लग्न केलं. ओड्नीला जगात एवढंच हवं होतं, की हा म्हातारा होऊन आपल्या बिछान्यात मरावा.

मग तो वसंत आला.

आधीचा हिवाळा लांबला होता. कणगीत बार्ली नव्हती. हेरिंग आली ती अशी आली की काठावरून पाणी चंदेरी दिसायचं. सगळं गाव पहाटेच किनाऱ्यावर जमलं. ओड्नीने कौल लावला. इसा. शेजारच्या गावाने मात्र होड्या घातल्या आणि काठोकाठ भरून आणल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा इसा, आणि पुन्हा शेजाऱ्यांच्या टोपल्या भरलेल्या. खरं सांगायचं तर ओड्नी ते दोन दिवस चुकली होती. वादळ येणार हे तिला कळलं होतं, पण वादळाला यायला उशीर झाला. समुद्र पाठ झाला तरी तो काही आपल्या सांगण्यावरून चालत नाही.

तिसऱ्या दिवशी आभाळ लख्ख होतं आणि वाऱ्याचं नाव नव्हतं. पण खडकावर एकही सील नव्हता, आणि बाहेरून लांब, संथ लाटा येत होत्या. ओड्नीने कापडावर हात फिरवला. इसा.

गावाचा मुखिया ग्रिम पुढे आला. सगळ्यात मोठी होडी त्याची. तो वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं, नाहीतर तुम्ही सगळा दोष त्याच्या माथी मारून मोकळे व्हाल. त्याच्याही घरात पोरं भुकेली होती. त्याने ती इसाची पट्टी उचलली, डोळे मिटले आणि तिच्यावरून स्वतःचा अंगठा फिरवला.

"एकच खाच," तो म्हणाला. "आंधळ्यालाही कळेल."

मग त्याने दंडातलं लोखंडी कडं काढून तिच्यापुढे धरलं. त्या कड्यावर हात ठेवून ते लोक शपथ घेत. "ह्यावर हात ठेव ओड्नी, आणि सांग, तुझ्या अंगठ्याला अक्षर ओळखू येत नाही."

खोटं बोलणं तिला जड नव्हतं. वीस वर्षं ती दुसरं काय करत होती? पण तिच्या मनात आलं, की आता खरं सांगितलं तर त्याला जास्त वजन येईल. वीस वर्षांचा हिशेब कोणालाही कळेल. बिचारीने समुद्र ओळखला होता, माणसं ओळखली नव्हती.

"येतं ओळखू," ती म्हणाली. "रूननी मला कधीच काही सांगितलं नाही, ग्रिम. मी आभाळ बघते, पाणी बघते, जनावरं बघते, आणि पट्टी उचलते. तुमच्या होड्या वाचल्या त्या ह्या डोळ्यांनी. त्या लाटा बघा जरा. वारा नाही आणि लाटा येताहेत. बाहेर वादळ उभं आहे."

 मग मागून एक म्हातारा ओरडला, "म्हणजे माझ्या लेकीच्या लग्नाचा कौल तूच ठरवलास?" दुसरा म्हणाला, "माझी गाय विकायला लावलीस ती?" ज्याला त्याला आपापला कौल आठवला. लाटांकडे एकानेही पाहिलं नाही.

"वीस वर्षं होड्या वाचल्या त्या देवांच्या कृपेने," ग्रिम म्हणाला. "तू नुसती त्यांच्या तोंडावर हात ठेवून बसली होतीस."

मग ठरलं की आजचा 'नाही' धरायचा नाही, कारण तो देवांचा नव्हताच. कौल नव्याने लावायचा, आणि तोही प्रामाणिकपणे. ग्रिमने हातात लोकरीचा जाड हातमोजा चढवला, म्हणजे अंगठ्याला काही कळायला नको. मान वर केली. आभाळात सूर्याभोवती खळं पडलेलं होतं. त्याच्या डोळ्यांसमोरच होतं ते. त्याने तीन पट्ट्या उचलल्या.

फेहू, राइदो, सोविलो. भरभराट, प्रवास, सूर्य.

असं म्हणतात की एवढा चांगला कौल त्या गावात आधी कधी आला नव्हता. माणसं एकमेकांना मिठ्या मारायला लागली.

ओड्नीने आस्बर्नचा हात धरला. "बाळा, तू तरी जाऊ नकोस."

"ताई, आपण ह्या लोकांचं खाऊन वाढलो," तो म्हणाला. त्याची मान खाली होती. "आता तू म्हणालीस म्हणून मी घरी बसलो, तर गावाला तोंड कसं दाखवू?" त्याने हात सोडवून घेतला आणि ग्रिमच्या होडीत सगळ्यात पुढच्या वल्ह्यावर जाऊन बसला, सगळ्यांना दिसेल असा. बहिणीच्या खोटेपणाची लाज त्याला धुऊन काढायची होती.

पाच होड्या गेल्या, एकतीस माणसं. दुपार व्हायच्या आत आभाळ काळं झालं. किनाऱ्यावरच्या बायकांना समोरचा हात दिसेना, फक्त आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी तीन माणसं फळ्यांना धरून काठाला लागली. त्यांत ग्रिम होता. आस्बर्न नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, मग तरी गावाचे डोळे उघडले असतील. छे! ग्रिमने अंगावर सुकी घोंगडी घेतल्याबरोबर सांगितलं की रून खरेच बोलले होते, पण ओड्नीने वीस वर्षं त्यांचा अपमान केला त्याचा देवांनी सूड घेतला. लोकांना हे पटलं. पटणारच. नाहीतर एकतीस माणसं आपणच पाठवली, असं त्यांना स्वतःला सांगावं लागलं असतं.

ओड्नी तोराच्या दारात गेली. तोरा उंबऱ्यात बसली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं खोटंच बोलत आलीस ना? मग आणखी एक दिवस बोलायचं होतंस."

  मी ही गोष्ट कितीदा सांगितली असेल, पण इथे आलो की दर वेळी अडखळतो.

गावाने तिचं घर मोडलं, पट्ट्या समुद्रात फेकल्या आणि तिला खडकांपलीकडे हाकललं. त्या हिवाळ्यात एक अद्भुत झालं. स्काल्विकचं पाणी खारं आणि खवळतं, ते कधी गोठत नसे. पण एका सकाळी लोक उठून बघतात तर किनाऱ्यापासून बाहेरच्या समुद्रापर्यंत बर्फाची एक सरळ रेघ पडलेली, एका माणसाला चालता येईल एवढीच रुंद. दोन्ही बाजूंना काळं पाणी उसळतंय आणि रेघ जागची हलत नाही. ओड्नी त्या रेघेवरून चालत निघाली, जिथे होड्या बुडाल्या त्या दिशेने. असं म्हणतात की ती जसजशी पुढे गेली तसतसा मागचा बर्फ विरघळत गेला. कोणी हाक मारली नाही. तोरा मात्र कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली होती, ती का हे कोणाला ठाऊक नाही.

पुढे त्या देशात नवा धर्म आला. पाद्र्यांनी रून चुलीत घालायला लावले, अक्षरंही दुसरी आली. ग्रिमचं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ओड्नीचं राहिलं. तिच्या नावाने स्काल्विकमध्ये अजून एक दिवस पाळतात. हेरिंगच्या मोसमात, ठरलेल्या तारखेला, गावातली सगळ्यात वयस्क बाई किनाऱ्यावर पांढरं कापड अंथरते. पट्ट्या नसतात. ती नुसती आभाळाकडे बघते आणि म्हणते, "आज नको." त्या दिवशी एकही होडी पाण्यात जात नाही. का, असं कोणी विचारायचं नाही, असा रिवाज आहे. पुरुष टोप्या काढून उभे राहतात, मग काठावर बसून बिअर पितात, पोरं खेळतात. मोठा गोड दिवस असतो, आणि हवा बहुधा छान असते.

असं म्हणतात की एका वर्षी तो दिवस पार पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हातारी पुन्हा किनाऱ्यावर आली. कापड नव्हतं, कोणी बोलावलं नव्हतं. धापा टाकत, काठी टेकत आली. वारा पडलेला होता आणि बाहेरून लांब, संथ लाटा येत होत्या.

"आज नको," ती म्हणाली.

तरुण माणसं होड्यांचे दोर सोडत होती. त्यांतल्या एकाने टोपी काढली. अगदी आदराने, हसून तो म्हणाला, "आजी, तुमचा दिवस काल झाला."

आणि त्यांनी होड्या पाण्यात ढकलल्या.