हैबतीचं वाक्य

पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली त्याला. आपल्या पणजोबांचे पणजोबाही तेव्हा जन्मले नसतील. एका नदीच्या काठी एक गाव होतं. नदीच्या अलीकडे वस्ती, देऊळ, बाजार आणि तेलाचा घाणा; पलीकडे नुसता माळ, आणि त्या माळावर हैबती नावाच्या दोर वळणाऱ्याचं खोपट.

गाव मोठं भलं होतं. कुणाच्या घरातून धूर दिसला नाही, तर शेजारीण न विचारता भाकरी नेऊन द्यायची. पण भल्या माणसांनाही एखादी खोड असतेच. या गावाची खोड म्हणजे घाई, आणि तीही परोपकाराची घाई.

हैबती अंबाडीच्या वाखाचे दोर असे वळायचा, की बैलाने कितीही हिसके दिले तरी पीळ सुटायचा नाही. पण बोलायला लागला की पहिलाच शब्द ओठांपाशी अडायचा. मान ताठ व्हायची, कपाळावर घाम यायचा. आत शब्द तयार असायचा, नेमका असायचा, फक्त बाहेर पडत नसायचा. लहानपणापासून त्याचं हे असंच होतं, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता.

गावकऱ्यांना त्याची दया यायची. म्हणून ते त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचे.

तो वाण्याकडे जाऊन म्हणायचा, "मला ज... ज..."

"जिरं ना? घे की," वाणी म्हणायचा, आणि ज्वारीला आलेला हैबती जिरं घेऊन घरी जायचा.

एकदा खोपट गळतंय हे सांगायला तो सुताराकडे गेला. "खो..." एवढं तोंडातून निघतंय तोच सुताराने त्याला दंडाला धरून वैद्याकडे नेलं. खोकल्याचा काढा भलताच कडू होता, पण हैबतीने तो निमूटपणे प्यायला.

का प्यायला, असं तुम्ही विचाराल. तर बाबांनो, चूक दुरुस्त करायची म्हणजे पुन्हा बोलणं आलं, आणि समोरचे पाच जण पुन्हा पाच वाक्यं पुरी करणार. त्यापेक्षा मान डोलावलेली बरी. असं मान डोलावता डोलावता त्याचं घर न मागितलेल्या वस्तूंनी भरलं होतं, आणि गावाला वाटत होतं की आपण या पोराची किती काळजी घेतो.

उपाय थोडे झाले होते का? वैद्याने वेखंड मधात उगाळून चाटवलं. एका साधूने जिभेखाली खडा ठेवायला सांगितलं, तो एक दिवस घासाबरोबर पोटात गेला. कुणी म्हणालं, "सावकाश बोल." कुणी म्हणालं, "भराभर बोलून टाक." सगळे सल्ले हैबतीलाच होते. ऐकणाऱ्यांना सल्ला द्यायचं कुणाला सुचलं नाही.

गंमत अशी, की घरी शेळीशी बोलताना त्याची जीभ क्वचितच अडायची. दोर वळताना तो गाणं म्हणायचा, तेही सरळ यायचं. शेळीला कुठे जायची घाई नव्हती, हे त्याचं कारण असावं.

शेळीखेरीज आणखी एका जिवाला घाई नव्हती. ती म्हणजे बाळोबा तेल्याची लेक, आवडी.

हैबती घाण्याच्या बैलासाठी दोर घेऊन यायचा, तेव्हा आवडी सुपात तीळ पाखडत बसलेली असायची. तो बोलू लागला की ती सूप मांडीवर ठेवायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. हुंकार नाही, मान हलवणं नाही, पुढचा शब्द सुचवणं नाही. शब्द आला की ऐकायची, आणि मग आपलं बोलायची. तिच्यापुढे हैबती अडखळायचा, पण अडखळायची लाज वाटायची नाही. अशा माणसावर जीव जडला नसता तरच नवल.

त्या गावात मागणी घालायची रीत ठरलेली होती. मुलाने स्वतः मुलीच्या अंगणात जायचं आणि स्वतःच्या तोंडाने मुलीच्या बापाला विचारायचं. मध्यस्थ चालत नसे. "ज्याला संसार करायचा त्याला विचारता तरी यावं," असं जुनी माणसं म्हणत. बोलेल त्याची बोरं विकतील, हा त्या गावचा कायदाच होता म्हणा ना.

हैबतीने मग एक वाक्य तयार केलं. पावसाळाभर दोर वळता वळता त्याने ते मनात फिरवलं, शेळीला म्हणून दाखवलं. वाक्य लांब होतं, कारण त्याने विचार बराच केला होता, आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाक्याच्या शेवटी होती. ते वाक्य काय होतं ते आत्ताच सांगणार नाही. तुम्ही मनात ते पुरं करून टाकलं असेलच, पण थोडं थांबा.

आता बाळोबाचं ऐका. बाळोबा प्रेमळ होता, पण गावातल्या सगळ्या घाईचा मूळ झरा त्याच्या घरी होता. समोरच्याने तोंड उघडायच्या आत तो उत्तर द्यायचा. त्याची बायको आवडीच्या लहानपणीच वारली होती. लेक सासरी गेली की या घाण्यावर आपण आणि बैल असे दोघंच उरणार, याची त्याला भीती वाटायची. म्हणून येईल त्या मागणीला तो नकार द्यायचा. पण लोक बोलू लागले होते. शेवटी नदीच्या अलीकडच्याच, बाजारपेठेच्या गावच्या एका गोडबोल्या व्यापाऱ्याला त्याने अर्धामुर्धा होकार दिला होता. पौर्णिमेला व्यापारी पक्का शब्द घ्यायला येणार होता.

ते कळताच हैबती नदी उतरून घाण्यावर आला.

"बाळोबा, मला तु... तुमच्या..."

"माझ्या घाण्याचं तेल! अरे, एवढं लाजतोस काय?" बाळोबाने बुधला भरून त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या खेपेला हैबतीने दोन्ही हात मागे बांधून घेतले. तेव्हा बाळोबाने बुधला त्याच्या बगलेत अडकवला. तिसऱ्या खेपेला त्याने मान हलवून तेल नको म्हटलं, तर शेळीसाठी पेंडीचं पोतं मिळालं. शेळी तेवढी खूश झाली. गावात बोलबाला झाला, की माळावरच्या हैबतीला तेलाचं भलतंच वेड लागलंय, भाकरी तेलात बुडवून खातो म्हणे.

आवडी हे सगळं पाहत होती. तिच्या मनाला खूण पटली होती. पाणवठ्यावर तिची मैत्रीण तिला म्हणाली, "अगं, तूच सांग ना तुझ्या आबांना. त्याला काय म्हणायचंय ते तुला कळलंय."

"सगळं गाव त्याच्या तोंडात आपले शब्द घालतं," आवडी म्हणाली, "मीही घातले तर मग त्याचं स्वतःचं असं काय उरलं?"

"आणि पौर्णिमेला व्यापारी आला तर?"

आवडीने कळशी उचलली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. सकाळीच अंगण सारवून झालं होतं, गुळाची वाटी तयार होती. व्यापारी दुपारी यायचा होता, तोवर एक घाणा काढून घ्यावा म्हणून बाळोबाने बैल जुंपला होता. इतक्यात हैबती अंगणात येऊन उभा राहिला. अंगावर धुतलेला अंगरखा, डोक्याला पागोटं, आणि चेहरा असा, की आज काही झालं तरी बोलायचंच.

"बाळोबा, मला तु... तुमच्या आ... आ..."

"आज तेल नाही बाबा, पाहुणे यायचेत."

हैबतीने मान हलवली. "तुमच्या आ... आव..."

बाळोबाचा हात थांबला. डोक्यात एकदम उजेड पडला. "आवडी! अरे देवा, म्हणजे तू माझी मुलगी मागायला येत होतास होय? नाही, हैबती. तू भला आहेस, पण नाही. माझं एकुलतं एक लेकरू नदीपलीकडे त्या ओसाड माळावर मी धाडणार नाही. पावसाळ्यात नदी भरली की चार चार महिने तोंड दिसायचं नाही तिचं. जा बाबा तू, जा."

एरवी हैबतीने मान डोलावली असती आणि जिरं घेऊन गेला तसा हा नकार घेऊनही तो निघून गेला असता. त्याचे पाय वळलेही. पण मग तो थांबला, आणि सारवलेल्या अंगणात सरळ मांडी घालून बसला. त्याचं वाक्य अजून संपलं नव्हतं.

आवडी उंबऱ्यात उभी होती. ती घाण्यापाशी गेली, बापाच्या हातातला चाबूक तिने घेतला आणि बैलाला जोरात हाकायला लागली. बैल दचकून दुडक्या चालीने पळू लागला. तीळ चिरडणारी घाण्याची जाड लाकडी लाट करकरू लागली.

"अगं, अगं, हळू!" बाळोबा ओरडला. "घाणा तापेल. तेलाला जळका वास मारेल. सगळा तीळ वाया जाईल. जन्म घाण्यावर गेला तुझा, एवढंही कळत नाही? तेल त्याच्या चालीनेच उतरतं."

आवडीने बैल थांबवला. "तिळाला एवढा वेळ देता, आबा," ती म्हणाली, "आणि हा माणूस चौथ्यांदा आलाय दारात. त्याचं बोलणं अजून एकदाही तुम्ही पुरतं ऐकलं नाहीत. नाहीच म्हणायचंय ना? म्हणा. पण त्याचं झाल्यावर म्हणा."

बाळोबा खजील झाला. तो हैबतीसमोर येऊन बसला. पण सवय कुठे जाते? हैबतीचे ओठ हलताच त्याच्या जिभेला खाज सुटली. तेव्हा त्याने सुपातले मूठभर तीळ तोंडात कोंबले आणि ओठ मिटून घेतले. ज्याच्या तोंडात आजवर कधी तीळ भिजला नव्हता, तो बाळोबा गप्प बसला.

बैल आपल्या चालीने पुन्हा फिरू लागला. हैबतीचा एक शब्द आला, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. मध्ये तो इतका अडला की आवडीचीही बोटं पदरात गुंतली. पण कुणी हाललं नाही, आणि समोरचे दोघं थांबलेत असं दिसल्यावर हैबतीची मान सैल झाली. शब्द अडखळतच आले, पण येत राहिले. आणि वाक्य पुरं झालं, ते असं :

"बाळोबा, मला तुमच्या आवडीला विचारायचंय, ती माझ्याशी लगीन करील का, आणि ती हो म्हणाली, तर तिला पलीकडे न्यायची नाही, मीच इकडे येईन, घाण्यामागच्या पडीक तुकड्यात माझे दोर वळीन, म्हणजे तुम्ही एकटे पडणार नाही."

बाळोबाच्या तोंडातले तीळ तसेच राहिले. किती वर्षं जी भीती त्याने कुणाला सांगितली नव्हती, ती या माणसाने ओळखली होती. तीन वेळा तो हेच सांगायला आला होता, आणि तीन वेळा बाळोबाने स्वतःच्या म्हातारपणाचा आधार तेल आणि पेंड देऊन परत पाठवला होता. म्हातारा पागोट्याच्या शेवाने डोळे पुसू लागला.

"पोरी," तो कसाबसा म्हणाला, "त्याने तुला विचारलंय. तूच सांग."

आवडी हसली, पण तिचेही डोळे भरले होते. "हो," ती म्हणाली. मग हैबतीकडे वळून म्हणाली, "मला वाटायचं, तुझं मला सगळं कळतं. तू मला पलीकडे नेणार, आबांना सोडून जावं लागणार, असं धरून मी रोज रडत होते. मनातल्या मनात मीही तुझं वाक्य पुरं केलं होतं, आणि चुकीचं केलं होतं."

दुपारी व्यापारी आला. बाळोबाने त्याला मानाने बसवलं, हात जोडून क्षमा मागितली, आणि व्यापाऱ्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ते फार लांबलं, पण बाळोबा उठला नाही.

हैबती आणि आवडीचं लग्न झालं. घाण्यामागे दोर वळले जाऊ लागले. हैबती पुढेही आयुष्यभर अडखळतच बोलला. बोलणं सुधारायचं औषध काही कुणाला सापडलं नाही. ऐकणं मात्र सुधारलं. वाणी हात गल्ल्यावर ठेवून थांबायला शिकला, आणि हैबतीला ज्वारी मिळू लागली. मग गावाच्या ध्यानात आलं, की थांबून ऐकलं तर कितीतरी माणसं बोलू लागतात : उशिरा बोलायला लागलेलं कुंभाराचं लेकरू, अर्धांगवायूच्या झटक्याने निम्मे शब्द हरवलेली देवळातली म्हातारी, आणि ज्यांची जीभ चांगली चालायची पण ज्यांना आजवर कुणी बोलू दिलं नव्हतं तीही.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा : ज्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्यावं, आपण घाईने तोडतो त्या बोलण्याच्या शेवटी पुष्कळदा आपल्याच भल्याची गोष्ट असते.