चारी दिशांची हाक

“म्हणजे तू तिथं बोलतोस, पण जात नाहीस?” येसूबुवांनी विचारलं.

“जातच नाही, बुवा. तेच तर सांगतोय.”

भार्गवनं मठाच्या ओसरीवर लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. काळा पडदा, त्यावर एकच पांढरी ओळ. हा छोटासा प्रोग्रॅम त्यानं स्वतः लिहिला होता. ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं. फेसबुकपासून मास्टोडॉनपर्यंत सगळ्या समाजमाध्यमांवर मजकूर एका दमात जायचा. त्यातलं काहीही उघडून बसावं लागायचं नाही.

“कोणी वाहवा केली, कोणी नावं ठेवली, मला पत्ताच नसतो. बोलायचं आणि मोकळं व्हायचं. हे वैराग्यच नाही का?”

बुवा नुसते हसले. वैराग्य इतकं सोयीचं निघालं याचा भार्गवला भारी आनंद होता.

आज मात्र तो आला होता वेगळ्याच कारणानं. त्याची लेक ओवी डेंग्यूनं हातची जायची वेळ आली होती. तिला लागणारं रक्त मिळेना. सांगलीच्या दवाखान्यात जिन्यावर बसून त्यानं याच काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली, आणि अनोळखी माणसं रक्तपेढीच्या दारात येऊन उभी राहिली. ओवी वाचली.

घरी परतल्यावर त्यानं दुसरी ओळ लिहिली. ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार.’ तीही सगळीकडे गेली. तरी छातीवरचं ओझं काही उतरेना. म्हणून तो नारळ आणि पेढे घेऊन मठात आला होता.

“कोण कोण आलं होतं रक्त द्यायला?”

“माहीत नाही, बुवा. मी आत होतो, तिच्या उशाशी.”

“मग नंतर?”

“आभार मानले की. सगळ्यांचे.”

बुवांनी नारळ उचलून बाजूला ठेवला.

आत पानं वाढून झाली. या मठाची रीत अशी की पानं वाढली की बुवा अंगणात जायचे, चारी दिशांना तोंड करून विचारायचे आणि मगच घास घ्यायचे.

“कोणी उपाशी आहे का?”

म्हातारा आवाज ओढ्यापलीकडे गेला, शेतांवरून गेला, टेकडीला लागून परत आला.

“बघा, बुवा,” भार्गव खुशीत म्हणाला, “माझा प्रोग्रॅमही हेच करतो.”

“अगदी हेच करतो,” बुवा म्हणाले आणि पायरीवर बसले.

आतून वरणाचा वास येत होता. भार्गवच्या पोटात कावळे कोकलत होते.

“चला ना, बुवा. भात निवतोय.”

“थांब जरा.”

“आता कशाला? हाक तर मारून झाली.”

बुवा ओढ्याकडच्या पायवाटेवरून कोणी येतंय का ते बघत राहिले...

भार्गवही बघत राहिला. वाट रिकामी होती. थोड्या वेळानं त्याची नजर ओसरीवरच्या लॅपटॉपकडे गेली, आणि त्याला कसंसंच झालं.

तो उठला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं फेसबुक उघडलं. त्याच्या आभाराखाली मकबूल अत्तार नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं,

‘मी तासगावहून आलो होतो रक्त द्यायला. बाळ कसं आहे?’

त्याखाली, आठवड्यानंतर, पुन्हा तोच माणूस. ‘बाळ बरं आहे ना?’

आणि अगदी परवा, ‘भाऊ, काही वाईट तर नाही ना झालं? तेवढं कळवा. घरचे रोज विचारतात.’

तिन्ही ओळी बुवांना वाचून दाखवता दाखवता भार्गवचे डोळे भरून आले. आपली लेक घरी दोरीच्या उड्या मारत होती आणि तिला रक्त देणारा माणूस तिकडे तिच्या काळजीनं झुरत होता. कुठला कोण हा माणूस, केवढे त्याचे उपकार.

“बुवा, कळवतो... आत्ता कळवतो सगळ्यांना.”

सवयीनं बोटं काळ्या पडद्याकडे वळली. ‘ओवी आता ठणठणीत...’

त्याच्या मनगटावर बुवांचा हात आला. भार्गव थांबला.

“सगळे बसतील मागाहून...” बुवा म्हणाले. “जो विचारत आलाय, आधी त्याचं पान वाढ.”