गुळाचा वास

"आणखी किती दिवस मागेच चालू, चाचा?" मकरंद कुरकुरला.

इलाहीचाचा पान लावत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला गावचा किल्ला, वेस, पेठ दाखवता दाखवता त्यांची दाढी पांढरी झाली होती.

"मागून काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"लोकांच्या पाठी. दुसरं काय दिसणार?"

"हं..."

मकरंदच्या जिवाची नुसती तगमग चालली होती. आपल्याच गावाचा गाइड व्हायचं म्हणून हा गडी पुण्यातली नोकरी सोडून आला होता. सनावळ्या तोंडपाठ, झोपेतून उठवलं तरी बुरुजाची उंची सांगेल! आणि चाचा त्याला पाहुण्यांच्या शेपटाला ठेवत. गाव हसत होतं. वडिलांनी तर बोलणंच टाकलं होतं.

चाचांनी पान तोंडात टाकलं.

"आज तू पुढे हो. मी मागे. जमलं, तर उद्यापासून माणसं तुझी."

पाहुणे आले. मकरंद वेशीसमोर उभा राहिला आणि सुटला तो सुटलाच. कमान कुणी बांधली, दगड कुठून आणला, बुरूज कधी ढासळला...

"अहो, इथं गुळाचा वास यायचा," घोळक्यातल्या एक आजी म्हणाल्या. "लग्न होऊन सासरी गेले, तेव्हासुद्धा येत होता."

"आजी, प्रश्न शेवटी!"

आजी ओशाळून मागे सरल्या. चाचांनी तिथंच जमिनीवर बसकण मारली आणि शेजारची जागा हातानं झाडून दिली. आजी टेकल्या. जरा वेळानं आपणहून बोलू लागल्या.

एक पाहुणा मागे वळला. मग दुसरा. मग सगळेच.

मकरंद सांगत सांगत भिंतीवरच्या तोफगोळ्याच्या खुणेपर्यंत पोचला, तेव्हा त्याच्यासमोर फक्त ऊन होतं.

"चाचा!" त्याचा आवाज फाटला. "माझी माणसं पळवलीत तुम्ही!"

"मी कुठं काय बोललो?"

मकरंदला राग आला, रडूही आलं. उठून पुण्याला निघून जावं असं वाटलं. पण पाय हलेना. लहानपणापासून याच वेशीतून तो जा-ये करत आला होता, आणि हा गुळाचा वास त्याला ठाऊकच नव्हता.

तो घोळक्याच्या मागे जाऊन उकिडवा बसला. ऐकत राहिला. शेवटी त्याला राहवेना.

"आजी... कुठून यायचा हो तो वास?"

आजींनी त्याचा दंड धरला, कण्हत उठल्या आणि पडक्या बोळाकडे बोट केलं. मकरंद त्यांना सावरत, त्यांच्या चालीनं चालू लागला.

चाचांनी पायजम्याची धूळ झटकली.

"उठा मंडळी. तुमचे गाइड निघाले."