गाडीचं नाक

"म्हणजे टर्बो नको म्हणता?"

दस्तगीर उस्ताद चहा पीत राहिले.

"मग पिस्टन मोठे टाकू? का पंप अजून दोन आटे खोलू?... उस्ताद, मी काहीतरी विचारतीय."

उस्तादांनी बशी उपडी ठेवली.

"व्हय? मला वाटलं, सांगतीयास."

वैजयंतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा तिनं पहिल्या वर्गात काढला होता. काखेत वही होती. जुन्या ट्रकची खालची ओढ, म्हणजे कमी वेगात चढ चढायची ताकद, कशी वाढवायची, तीही स्वस्तात, याची तीन शाईंत लिहिलेली यादी त्या वहीत होती. आणि घाटाच्या पायथ्याला पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला, चौथीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेला हा म्हातारा तिच्या यादीकडे ढुंकूनही बघायला तयार नव्हता!

पण दुसरं दारही नव्हतं.

शेडसमोर तिचा ट्रक उभा होता. आप्पांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा. तीस वर्षांचा. कोकणातून जांभ्याचे चिरे भरून घाट चढायचा आणि कोल्हापूरच्या वाटेला लागायचा, एवढंच काम त्यानं जन्मभर केलं होतं. आप्पा गेल्यापासून तीन वर्षं वैजयंती तो स्वतः चालवत होती.

गेल्या मंगळवारी भरल्या गाडीनिशी ती सहाव्या वळणावर अडकली. पुढं एसटी थांबली, म्हणून ही थांबली. एसटी गेली. ही काही उठेना. काळा धूर, क्लचचा जळका वास, आणि गाडी वर जायच्या ऐवजी हातभर मागं. शेवटी निम्मे चिरे रस्त्याकडेला उतरवले तेव्हा कुठं ट्रक हलला. मागं खोळंबलेल्यांनी जी काही मुक्ताफळं उधळली, ती इथं लिहिण्यासारखी नाहीत.

ट्रकमध्ये निम्मा वाटा श्रीपतकाकांचा. ते एका वाक्यात बोलून मोकळे झाले होते.

"सोमवारी दुपारी भंगारवाला येतोय, त्याच्या आधी भरली गाडी माथ्यावर आणलीस तर ऱ्हाईल, न्हाई तर जाऊ दे तिला."

आज रविवार होता.

"चालू कर," उस्ताद म्हणाले.

वैजयंती गाडीकडे गेली. केबिनच्या बाजूनं वर गेलेल्या हवेच्या पाइपला तिनं हात लावला, हात कपाळाला लावला, मग चढली. पाइपच्या तोंडावर लाल कापडाचा हा एवढा गठ्ठा बांधलेला होता. तो नमस्कार तिच्या इतका अंगवळणी पडला होता, की तो आपण करतो हेही तिच्या लक्षात नसे.

उस्तादांच्या मात्र आलं.

खांद्यावरचा पांढरा रुमाल त्यांनी सायलेन्सरपुढं धरला. "दाब."

तिनं पाय दाबला. रुमाल काळा झाला.

"हे काय?"

"धूर."

"हे तुझं डिझेल. न जळताच बाहेर आलंय... पंप कुणी खोललाय?"

"मीच. डिझेल जास्त गेलं की ताकद जास्त."

"पोट भरलेल्याला वाढत बसलीस की तो जास्त काम करतोय व्हय?"

त्यांनी पाना मागितला आणि पंपाचा स्क्रू दोन आटे मागं घेतला.

"कमी केलंत?"

"कमी."

"उस्ताद, मी ओढ वाढवायला आलेय."

"मीबी त्यालाच बसलोय."

त्यानंतर त्यांनी तिच्याकडून काम करून घेतलं. स्वतः खुर्चीवर, हातात काठी. काठी जिथं टेकेल तिथं वैजयंतीनं घुसायचं. तिनं डिझेल फवारणारे सहाही नोझल काढून साफ केले. झडपा हलवणारे टॅपेट उस्तादांच्या कानाला पटेपर्यंत चार वेळा बसवले. मागचं डावं चाक उचलून फिरवलं, तर ब्रेक त्याला सोडतच नव्हता; तोही मोकळा केला. नवा भाग म्हणून एक बसला नाही. वहीतल्या यादीतलं एकही काम झालं नाही. दुपारपर्यंत तिच्या कोपरापर्यंत ग्रीस होतं आणि डोक्यात राग.

गाडी चालू केली. आवाज गोड झाला होता, हे तिलाही कबूल करावं लागलं. पण पाय दाबला की इंजिन अजूनही घुसमटत होतं.

"सगळं झालं," ती म्हणाली. "तरी छाती भरत न्हाई हिची. म्हणून म्हणत होते, टर्बो..."

"बंद करू नको. खाली ये."

ती आली. उस्ताद पाइपपाशी उभे होते. त्यांनी तळहात त्या लाल गठ्ठ्यापुढं धरला, बाजूला घेतला.

"आता तू धर."

तिनं धरला.

"काय लागतंय?"

"कापड."

"अजून?"

इंजिन धडधडत होतं. सहा सिलिंडर हवा मागत होते, आणि पाइपच्या तोंडाशी तिच्या मनगटावरचा केससुद्धा हलत नव्हता.

"...काही न्हाई."

तिला कळलं. कळू नये असं वाटत असतानाच कळलं.

दर खंडेनवमीला घरी हत्यारांची, पान्यांची, गाडीची पूजा व्हायची. इतर लोक गाडीला हार घालत. आप्पा नवं लाल कापड घेऊन त्या पाइपला बांधत. हे गाडीचं नाक, म्हणायचे, नाकाला दृष्ट लागू द्यायची नाही. पूजेचं कापड सोडायचं कसं? म्हणून जुन्यावर नवं. शेवटची आठ वर्षं आप्पांनी असं बांधलं. मग आप्पा गेले, आणि पुढची तीन तिनं बांधली, आपली म्हणून जरा जास्तच घट्ट. तेल आणि धूळ पिऊन त्या अकरा कापडांचं कातडं झालं होतं.

डिप्लोमात ती हवेच्या मार्गावर अख्खा धडा शिकली होती. त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुणही होते.

"सकाळीच का न्हाई सांगितलंत?"

"सकाळी तुझ्या वहीत जागा न्हवती."

वैजयंती म्हणाली, "तुम्हीच सोडा."

"माझी गाठ न्हाई ती."

"आप्पांची हाय."

"मग आप्पांच्या लेकीनं सोडावी."

इंजिन बंद करून ती टायरवर चढली. वरची तीन कापडं तिची स्वतःची. त्यांच्या गाठी काही केल्या सुटेनात. नख मोडलं. शेवटी उस्तादांनी खालून सुरी दिली आणि तिला आपलीच तीन वर्षं कापून काढावी लागली.

खाली आप्पांची गाठ लागली.

तिनं सुरी टेकवली... आणि थांबली. ही गाठ तिच्या ओळखीची होती. ताडपत्रीवरून दोर टाकून झाला की आप्पा मारायचे तीच. कितीही माल असू दे, रस्ताभर हलायची नाही. आणि गाव आलं की एक टोक ओढायचं, गाठ सुटली.

तिनं टोक ओढलं.

गाठ सुटली.

दुसरीही. तिसरीही. आठही गाठी तशाच, एकेका ओढीत. तेलानं चिकटल्या होत्या खऱ्या, पण अडून एकही बसली नाही. आप्पांनी एकही गाठ कायमची मारलेली नव्हती. सोडायची राहून गेली होती, एवढंच.

वैजयंती टायरवर उभी राहून रडली. आडोसा न शोधता, चांगली हुंदके देऊन. उस्ताद तोवर कापडं गोळा करत होते. एकेकाची धूळ झटकून त्यांनी घडी घातली आणि सगळ्यांचं नीट गाठोडं बांधलं.

मग म्हणाले, "चालू कर."

या वेळी तिनं पाइपच्या उघड्या जाळीपुढं हात धरला, तर तळहात सटकन जाळीला चिकटला. तिनं दचकून मागं घेतला आणि भिजल्या डोळ्यांनी हसली.

सोमवारी सकाळी गाडी काठोकाठ चिऱ्यांनी भरली. उस्ताद शेजारी बसले, मांडीवर गाठोडं. काठी त्यांनी शेडमध्येच ठेवली होती.

घाट सुरू झाला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. इंजिन खालच्या आवाजात, न धापता, पाय रोवून वर सरकत होतं. आरशात धूर दिसत नव्हता. वैजयंतीला वाटलं, आता ओरडावं. पाचवं वळण गेलं. सहावं आलं. कडेला मंगळवारी उतरवलेले तिचेच चिरे अजून पडलेले होते.

"थांबव," उस्ताद म्हणाले.

"काय?"

"थांबव म्हणतोय."

"उस्ताद, हितं न्हाई! निघालीय तशी जाऊ दे की. हितंच तर ती..."

"म्हणूनच."

तिनं ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला. भरला ट्रक त्या चढावर उभा राहिला. मागून एक टेम्पो आला आणि हॉर्न वाजवू लागला.

"खाली उतरून चाकामागं दगड तरी लावा!" वैजयंती उस्तादांवर ओरडली.

उस्तादांनी दोन्ही हात गाठोड्यावर ठेवले. "हँडब्रेक धरतोय. मी बघितलाय... पयला टाक. पाय हलका."

"हलका?"

"हलका."

मंगळवारी तिनं पाय पार तळाला नेला होता. आता तिनं पहिला गिअर टाकला, क्लच सोडत आणला आणि अॅक्सिलरेटरवर नुसता पाय ठेवला. इंजिनचा आवाज जाड झाला. पण दबला नाही. तिनं हँडब्रेक सोडला. क्षणभर गाडी ना पुढं, ना मागं...

आणि उचलली!

चाक बोटभर फिरलं, मग हातभर. अख्खा जांभ्याचा डोंगर पाठीवर घेऊन आप्पांचा ट्रक उभ्या चढावरून असा निघाला, की मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवायचं विसरला. वैजयंतीनं मात्र स्वतःचा हॉर्न दाबला तो दाबलाच. सातवं वळण, आठवं, नववं, अख्खा घाट दणाणला. उस्तादांनी कानात बोटं घातली, पण तिला गप्प केलं नाही.

माथ्यावर चहाच्या टपरीपाशी श्रीपतकाका उभे होते. तो हॉर्न त्यांनी खालच्या वळणांपासूनच ऐकला होता. ट्रक समोर येऊन थांबला. काकांनी मागं जाऊन चिरे बघितले; एकही कमी नव्हता. टायर बघितले, सायलेन्सर बघितला. मग पाइपाकडे मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "आज येऊ नका. ...न्हाई, उद्याबी नको. गाडी द्यायची न्हाई आमाला."

फोन ठेवून ते पाठ फिरवून तीन चहा सांगायला गेले. डोळे पुसायला गेले होते हे टपरीवाल्यालाही दिसलं.

वैजयंती खाली उतरली. कालच्या ग्रीसचे डाग हातांवर तसेच होते. वाकून तिनं उस्तादांच्या पायाला हात लावला. त्यांनी गाठोडं तिच्या हातात दिलं.

ती ते छातीशी धरून उभी राहिली.

"उस्ताद..."

"बोल."

"पुढच्या खंडेनवमीला पाइपला काय बांधू? काहीच न्हाई? मग पूजा आप्पांपर्यंत पोचायची कशी?"

इंजिन अजून चालूच होतं. उस्तादांनी तिचा हात धरला आणि पाइपाच्या उघड्या तोंडाकडे नेला.

"असा तळहात धर. ओढला गेला, की पोचली."