लॅन्थी दारात आली

ही गोष्ट घडली एका इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या पोटात, जिथे मुंगीचा पायसुद्धा डोंगराएवढा होतो.

तिथे एक जांभळा खडा होता. त्यात अणूंची घरे होती आणि घरोघरी सहा बोरॉन भाऊ आणि एक लॅन्थॅनम बहीण राहत. खडा तापला की भाऊ भिंत धरून ठेवत, वरच्या थरातल्या बहिणी दार उघडत आणि इलेक्ट्रॉन धावत बाहेर पडत. त्यांच्याच झोताने पडद्यावर चित्र उमटे.

एके दिवशी केळीवरच्या नव्या रोगाचा विषाणू शोधायला बसलेल्या सुनीतीबाईंनी घाईत आच फार वाढवली. त्या आचेने वरच्या बहिणी उडूनच गेल्या! दारात उरले नुसते भाऊ.

"आम्ही सहा सहा जण आहोत, दारही आम्हीच सांभाळू," थोरला बोरॉन म्हणाला. पण त्यांची पकड इतकी घट्ट की इलेक्ट्रॉन आतच अडकले. पडदा काळा पडला.

"अजून तापवू का?" सुनीतीबाई पुटपुटल्या. मग त्यांनी हात आवरला, आच उतरवली आणि वाट पाहिली.

तेव्हा खोलवरच्या घरातली एक बहीण, लॅन्थी, थरामागून थर चढत वर आली.

"दादा, भिंत तुमच्यावाचून उभी राहायची नाही," ती धापा टाकत म्हणाली. "पण दार मला द्या."

थोरला कुरकुरला, घुटमळला आणि अखेर सरकला.

इलेक्ट्रॉन काय उसळले म्हणता! पडदा लखलखला, त्यावर काडीसारखा विषाणू उमटला.

"सापडला! अहो, सापडला!" सुनीतीबाई खुर्चीवरून उठून ओरडल्या.

आत त्याहून मोठ्यांदा ओरडला तो थोरला बोरॉन, भिंत जराही न सोडता.