एक माप जोंधळा

“पण अप्पा, एका मापाचे किलो किती, ते मला विचारा.”

“कशाचे?”

“कशाचेही. नुसतं बघून सांगतो.”

“मग हवेचे सांग,” सिद्धय्या अप्पा म्हणाले.

इरण्णा हसला नाही. बाजारात धान्याच्या काट्यावर त्याची उमर गेली होती. पीठ असो, डाळ असो, गहू असो, भरलेलं माप नुसतं बघून तो वजन सांगे, आणि काटा त्याला कधी खोटं पाडत नसे. आता तो अप्पांच्या मठात दीक्षा मागायला आला होता.

अप्पांनी त्याच्यापुढे जोंधळ्याचं एक माप ठेवलं.

“नागपंचमी तोंडावर आली. देवापुढचं डालगं याच्या लाह्यांनी भर. भरलं, की दीक्षा.”

इरण्णानं कोपऱ्यातल्या त्या मोठ्या टोपलीकडे पाहिलं. मग मापाकडे.

“आज यावर कोमट पाणी शिंपड,” अप्पा म्हणाले, “आणि रात्रभर फडक्यात बांधून ठेव.”

“पाणी?” इरण्णा दचकला. “पाणी मारलेलं धान्य म्हणजे खोटं वजन, अप्पा. असलं पोतं मी कधी काट्यावर चढू दिलं नाही. देवाच्या कामात तर नकोच.”

अर्धा जोंधळा अप्पांनी आपल्याकडे ओढून घेतला.

उरलेला अर्धा इरण्णानं उन्हात घातला. खडखडीत वाळवला.

सकाळी चूल पेटली. इरण्णानं आपले दाणे तापलेल्या कढईत टाकले, फडक्याच्या बोळ्यानं फिरवले. दाणे तांबडे झाले. मग काळे. एखाद-दुसरी लाही फुटली… बाकी सगळे न फुटलेले गणंग.

“सर जरा,” अप्पा म्हणाले.

त्यांनी आपलं गाठोडं सोडलं. दाणे अजून दमट होते. कढईत पडले आणि गप्प राहिले.

एक दाणा तडकला.

मग दुसरा.

मग मोजायला कुणी भानावर उरलं नाही. कढईवर धरलेलं फडकं आतून उसळत होतं. पांढऱ्याशुभ्र लाह्या काठावरून उडत होत्या, इरण्णाच्या मांडीवर, दाढीत, केसांत…

अर्ध्या मापात डालगं शिगेला भरलं.

इरण्णानं आपला काटा आणला. लाह्या तोलल्या. पुन्हा तोलल्या.

“अप्पा… वजन तर कमी झालंय.”

“हं.”

“पाणीसुद्धा उडून गेलं.”

“गेलं.”

“मग डालगं कशानं भरलं?”

अप्पा चुलीतली लाकडं मागे ओढत होते.

इरण्णानं काटा खाली ठेवला. हात जोडायचे त्याच्या मनात नव्हतं, ते जोडले गेले.

“माझे दाणे जळाले, अप्पा. मी परत जाऊ?”

अप्पांनी तांब्या उचलला. ओंजळभर पाणी त्याच्या डोक्यावर शिंपडलं. मग खांद्यावरचं उपरणं काढून त्याला डोक्यावरून पांघरलं.

“रात्रभर असाच गप पडून राहा. कढई उद्या तापवू.”