पालखीत बसवलेला खेळाडू

एका नदीच्या अल्याड एक गाव होतं आणि पल्याड दुसरं. मधे बंधारा. उन्हाळ्यात बंधाऱ्याचं पाणी आधी कोणी घ्यायचं, यावरून पूर्वी डोकी फुटायची. मग कुणा शहाण्यानं तोडगा काढला, की दरवर्षी होळीनंतर दोन्ही गावांनी फुटबॉलचा सामना खेळायचा. जिंकेल त्याला उन्हाळाभर पहिलं पाणी. बरोबरी झाली, तर दोघांनी एक दिवस आड वाटून घ्यायचं.

अल्याडच्या संघात एक मेंढपाळ होता. मेंढरांमागे डोंगर चढून-उतरून त्याचे पाय काटक झाले होते. एका वर्षी अगदी शेवटच्या घटकेला त्यानं गोल मारला आणि गाव जिंकलं. खरं तर तोच चेंडू आधी संघातल्याच लोहारानं गोलापुढे छातीवर झेलून वाचवला होता, आणि कोष्ट्यानं तो मैदानभर पळवत आणून मेंढपाळाच्या पुढ्यात आयता ठेवला होता. पण ते कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी दवंडीवाल्यानं हलगी वाजवली. "ऐका हो ऐका! आपल्या मेंढपाळाचे पाय सोन्याचे!" लोकांनी टाळ्या पिटल्या, म्हणून पुढच्या बाजाराला त्यानं आणखी चढवून सांगितलं, की याच्या लाथेनं ढगाला भोक पडतं. ही दवंडी नदीपलीकडेही ऐकू गेली.

गावचे पाटील म्हणाले, "सोनं कोणी मातीत ठेवतं का? आजपासून याचे पाय भुईला लागता कामा नयेत!" त्यांनी सुताराकडून एक नवी पालखी करवून घेतली. वाहायला भोई हवेत, तर संघातलेच बाकीचे दहा जण जुंपले. सकाळी मिरवणूक, संध्याकाळी मिरवणूक. मेंढरं दुसऱ्याच्या हवाली केली.

"पाटील, सराव कधी करायचा?" लोहारानं विचारलं.

"तुम्हाला कशाला हवाय सराव? चेंडू मिळाला की याला द्यायचा. झालं!"

मेंढपाळालाही सुरुवातीला गोड वाटलं, उगाच खोटं कशाला बोला. पण पाय दिवसेंदिवस लोण्यासारखे मऊ होत चालले होते, आणि ते त्याचं त्यालाच कळत होतं. "मला जरा चालू द्या हो," असं तो म्हणाला, तर दृष्ट लागेल म्हणून त्याला गप्प बसवलं.

पुढच्या वर्षी सामन्याच्या दिवशी मैदान तव्यासारखं तापलं होतं. चार पावलं धावताच मेंढपाळाच्या तळपायांना फोड आले. पल्याडच्या संघानं पाच गडी त्याच्याभोवतीच उभे केले. इकडे पालखी वाहून खांदे सुजलेले त्याचे सोबती मोकळं मैदान सोडून चेंडू त्यालाच पाठवत राहिले. मध्यंतरापर्यंत गावाच्या अंगावर दोन गोल बसले.

"मुलामा उडाला हो!" तोच दवंडीवाला, त्याच हलगीवर ओरडू लागला. "आत माती निघाली, माती!" लोकांनी चपला हातात घेतल्या. पाटील घाईघाईनं पालखी घेऊन आले.

"बस आत. एक फेरी मारू, लोकांचा भरवसा परत येईल."

"नाही बसत," मेंढपाळ म्हणाला.

"काय म्हणालास?"

"नाही बसत म्हणालो. सोनं तुम्हीच म्हणालात, आता माती पण तुम्हीच म्हणताय. हे पाय कातड्याचे आहेत, पाटील, त्यांना फोड येतात. पाणी गेलं तर माझी मेंढरंही तडफडतील. अन् ज्यांनी माझ्या जोडीनं पळायचं, त्यांना तुम्ही माझ्या खाली जुंपलंत. आता बास!"

"गावाचं ऐकणार नाहीस?"

"या बाबतीत नाही ऐकणार."

तो सोबत्यांकडे वळला. "आता मला चेंडू देऊ नका. मी त्या पाच जणांना घेऊन बाभळीकडच्या कोपऱ्यात जातो. दवंडी त्यांनीही ऐकलीय, ते माझा पिच्छा सोडायचे नाहीत. बाकी मैदान तुमचं."

"अन् नाही जमलं तर?" लोहारानं विचारलं.

"तर अकरा जण हरू. एकटा कोणी हरणार नाही."

मेंढपाळ लंगडत कोपऱ्यात गेला. पाचही जण त्याच्यामागे गेले, आणि खेळ संपेपर्यंत एका लंगड्याला राखत बसले. इकडे कोष्ट्यानं एक गोल मारला. मग कुंभारानं दुसरा. शेवटी पल्याडचा एक चेंडू थेट गोलात शिरत होता, तो लोहारानं अंग झोकून अडवला. सामना बरोबरीत सुटला.

पाणी अर्धं मिळालं. पालखीचा उद्योग केला नसता, तर उन्हाळाभर पहिलं पाणी मिळालं असतं. हे गावाला कळलं का? छे! दवंडीवाल्यानं पुन्हा हलगी उचलली. "ऐका हो ऐका! एकट्यानं पाच जणांना कोंडलं! धन्य ते पाय!" आणि पाटलांनी पालखी पुढे केली.

मेंढपाळानं फोड आलेल्या पायांनी पालखीपाशी जाऊन तिचा लांब दांडा उपसून काढला. त्या मैदानावर गोलाच्या दोन खांबांना वर नुसती दोरी बांधलेली असे. अकरा जणांनी मिळून दांडा उचलला आणि दोरीच्या जागी आडवा ठोकून बसवला.

"अरे, अन् पालखी?" पाटील कळवळून म्हणाले.

"तिच्यात मेंढरांना चारा घालेन. भरपूर मावेल."

मग तो दवंडीवाल्यापुढे जाऊन उभा राहिला. "दवंडी द्यायचीच असेल, तर अकरा नावं घे. दम पुरत नसेल, तर हलगी खाली ठेव."

तो दांडा अजून तिथेच आहे. दवंडीवाला आता अकराही नावं घेतो, आणि शेवटच्या नावाला त्याला धाप लागते.

तात्पर्य: खेळाडूला डोक्यावर घेणारेच त्याला खाली आपटतात, म्हणून त्याचे पाय जमिनीवर राहू द्या, आणि टाळ्या वाजवायच्या तर अकराही जणांसाठी वाजवा.